पंप सुरू करताना घाई नको

रबाळे, महापे एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोरांना मी आधी हेच सांगतो, सेंट्रिफ्युगल पंप (आतलं चाक फिरवून पाणी बाहेर फेकणारा) हवा ओढत नाही, त्यामुळे केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) पाण्याने पूर्ण भरून हवा काढल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी गळती रोखणारा भाग) कोरडं घासून काही सेकंदात जळतं.

सक्शन व्हॉल्व्ह (पाणी आत येण्याच्या बाजूचा) फुल ओपन, डिलिव्हरीचा (पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा) जवळपास बंद, मग स्टार्ट, आणि अँपिअर, म्हणजे मोटर किती करंट घेते ते, बघत बघत डिलिव्हरी हळूहळू उघडायची. फ्लो कमी हवाय? डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा, सक्शनचा कधीच नाही हां! आतून खडी खळखळल्यासारखा आवाज आला की समजायचं कॅव्हिटेशन, म्हणजे सक्शनला प्रेशर कमी पडून पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतायत आणि ते फुटून इंपेलर (आतलं फिरणारं चाक) खातायत, तेव्हा आधी स्ट्रेनर (सक्शनची गाळणी) साफ करा.