शिडाच्या बोटीवर रडार: आधी परतीचं तिकीट बघा

नागपुरात समुद्र नसला तरी बोटवाले आहेत. तिघे-चौघे मिळून तीस-बत्तीस फुटी शिडाची बोट घेतात. बोट मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली, आणि मालक नागपुरात धरमपेठेत. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन बजाजनगरात राहतो, त्यामुळे बोट घेतली की मंडळी चहाच्या निमित्ताने येतात आणि विचारतात, "कॅप्टन, रडार लावून घ्यावं का?"

मी उलट विचारतो, परतीचं तिकीट कधीचं आहे?

चेष्टा नाही ही. मुंबईत राहणारा सकाळी धुरकट दिसलं तर घरी बसतो, पुढच्या रविवारी जातो. नागपूरकर चार दिवसांची रजा काढून आलेला असतो. मुरुडहून मुंबई साधारण चाळीस सागरी मैल, म्हणजे पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) आठ तास. दुपारी वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो, आणि रविवारी संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस तर गाठायचीच असते. मग हा माणूस शनिवारी मध्यरात्री नांगर उचलतो. पट्टीच्या खलाशालाही नको वाटेल अशा वेळी तो समुद्रात असतो, तेही बहुधा एका झोपाळू मित्राच्या सोबतीने.

म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी मागच्या हंगामातल्या सफरी आठवून लिहून काढा. अंधारात किती तास होतात, सुकाणूवर जागं कोण होतं, किनाऱ्यापासून किती लांब होतात. सगळं मांडवा-अलिबाग आणि दिवसाउजेडी असेल तर रडार विसरा, ते पैसे शिडात घाला. रात्रीचे तास भरत असतील किंवा रत्नागिरी, गोवा डोक्यात असेल, तर पुढचं वाचा.

पहिला खर्च तरीही रडारचा करू नका. आधी एआयएस घ्या, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपली माहिती एकमेकांना सांगतात ती यंत्रणा. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांपुढच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे. जहाजाचं नाव, वेग, दिशा आणि ते तुमच्या किती जवळून जाणार, हे सगळं पडद्यावर येतं. नुसता ऐकणारा रिसीव्हर न घेता लहान बोटींसाठीचा, माहिती पाठवणाराही क्लास बी ट्रान्सपाँडर घ्या, म्हणजे त्यांनाही तुम्ही दिसाल. त्यासाठी ४१९ ने सुरू होणारा एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक, लागतो. परवान्याच्या त्याच कागदपत्रांत रडारचंही विचारून घ्या, कारण तेही लहरी सोडतं. सोबत डोलकाठीवर रडारच्या लहरी परतवणारा पत्र्याचा चांगला रिफ्लेक्टर टांगा. फायबरची बोट जहाजाच्या रडारवर फार फिकी उमटते.

गणित पाहा. समोरून जहाज १५ नॉटने येतंय, तुम्ही ५ ने जाताय, म्हणजे अंतर २० नॉटने मिटतंय. दृश्यमानता एक मैल असेल तर दिसल्यापासून तीन मिनिटं हाती. तेच जहाज आठ मैलांवर कळलं तर चोवीस. मोठ्या जहाजांपुरतं एआयएस हे काम रडारच्या निम्म्याहून कमी खर्चात करतं.

पण आपल्या किनाऱ्यावरची खरी धास्ती मोठ्या जहाजांची नाहीच, मासेमारीच्या बोटींची आहे. जून-जुलैची बंदी संपली की ऑगस्टपासून समुद्र त्यांनी भरतो, आणि त्यांतल्या कितीतरी बोटींवर एआयएस नसतं. २०२४ मध्ये पालघरहून ज्या एक लाख ट्रान्सपाँडरांची योजना सुरू झाली ते उपग्रहाशी बोलतात, तुमच्या एआयएसच्या पडद्यावर उमटत नाहीत. रडारला मात्र समोरच्याने काही बसवलं आहे की नाही याचं देणंघेणं नसतं. माझ्या मते आपल्याकडे रडार घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

खांदेरीच्या बाहेर रात्री उभं राहून बघा. मच्छीमार बोटींचे पांढरेशुभ्र दिवे डोळे दिपवतात, पण कोणता दिवा अर्ध्या मैलावर आणि कोणता तीन मैलांवर, ते डोळ्याला कळत नाही. तीन मैलांच्या रेंजवर रडार लावलं की तेच दिवे अंतरासकट ठिपके होऊन समोर येतात. गेन, म्हणजे रडारची संवेदनशीलता, वाढवला की पडदा लाटांच्या मुरमुऱ्यांनी भरतो. सी क्लटर, म्हणजे लाटांच्या खुणा पुसणारं बटण, जास्त दाबलं की मुरमुरे जातात आणि सोबत लाकडी होडीही जाते. या दोन बटणांमधली जागा हाताला सापडली तरच रडार उपयोगाचं. वल्ह्याची होडी, जाळ्यांचे बोये, डोल जाळ्यांचे खुंट यांचा भरवसा मात्र त्याच्याकडूनही धरू नका.

१८ इंची डोमचा, म्हणजे रडारच्या घुमटाकार अँटेनाचा, झोत आडवा सुमारे पाच अंश रुंद असतो. एक मैलावर तो दीडशे मीटरच्या पुढे पसरतो, म्हणजे त्याहून जवळ असलेल्या दोन बोटी एकच दिसतात. टग लांब दोरावर बार्ज ओढत असेल तर दोन ठिपके सुटे दिसतील, मधला दोर दिसणार नाही. नव्या डॉप्लर रडारांत जवळ येणारी वस्तू वेगळ्या रंगात दिसते. हे छान आहे, पण आडवी जाणारी बोट त्या रंगात येत नाही, आणि तीही तुम्हाला धडकू शकते.

वळवाच्या पावसाचं काम मात्र रडार मनापासून करतं. ढग उंच असतो, त्यामुळे क्षितिजापलीकडूनही दिसतो आणि वादळी झोत येण्याआधी शीड कमी करायला वेळ मिळतो. हवामान खात्याच्या नागपूर रडारवर आपण गारपिटीचे ढग पाहतो, त्याच्या लहरी सुमारे दहा सेंटिमीटरच्या असतात. बोटीवरच्या तीन सेंटिमीटरच्या. या लहरी जोराच्या पावसात आटतात, म्हणून सरीमागे लपलेलं जहाज दिसेलच असं नाही.

बसवायचं कुठे? डोलकाठीवर सहा मीटर उंचीवर बसवलं तर दोन मीटर उंचीची बोट सिद्धांतात आठ मैलांवर क्षितिजाच्या वर येते. पण पाच-सात किलो वजन उंचावर जातं आणि शीड डोमला घासतं. मागच्या बाजूच्या खांबावर उंची कमी मिळते, पण दुरुस्ती पायावर उभं राहून करता येते. मालक आठशे किलोमीटरवर असेल तर खांबच बरा. आणखी एक गोष्ट, झोत उभा साधारण पंचवीस अंशांचा असतो. बोट वीस अंश कलली की एका बाजूला तो पाण्यात शिरतो आणि दुसऱ्या बाजूला आकाश बघतो. म्हणून कलण्यासोबत सरळ होणारा ब्रॅकेट घ्या, नाहीतर दर थोड्या वेळाने बोट सरळ करून बघायची सवय लावा.

विजेचं फार भय नको. नवी रडारं दीड ते तीन अँपिअर खातात, रात्रभरात पंचवीस अँपिअर-तास धरा. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले पन्नासच वापरायचे असतात, त्यातून ऑटोपायलट आणि दिवेही चालायचे. फ्रिज बंद ठेवावा लागेल, बिअर कोमट होईल. खरी काळजी कनेक्टरची. दोन महिने बोटीकडे फिरकला नाहीत की खारी हवा आत शिरते, पिनांवर हिरवट बुरा चढतो, आणि मध्यरात्री पडद्यावर "रडार सापडत नाही" अशी पाटी येते. दर भेटीत कनेक्टर उघडायचा, पुसायचा, ग्रीस लावायचं. हा कंटाळा करणाऱ्याने रडार घेऊच नये.

आणि घेतलं की जबाबदारीही येते. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला सातवा नियम म्हणतो की रडार बसवलेलं आणि चालू असेल तर त्याचा योग्य वापर करायलाच हवा, आणि अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधायचे नाहीत. धुक्यात एकोणिसावा नियम लागतो, तिथे शिडाच्या बोटीला वाट मिळण्याचा मान नाही. जुलै १९५६ मध्ये नँटकेटजवळ आंद्रेआ दोरिआ आणि स्टॉकहोम धडकल्या तेव्हा दोन्ही जहाजांवर रडार चालू होतं. दोन्हीकडच्या लोकांनी पडद्यावरून वेगवेगळे अर्थ काढले.

म्हणून सराव. तो नागपुरातही होतो. बऱ्याच पडद्यांत सिम्युलेटर मोड असतो. पडदा काढून घरी आणा, बारा व्होल्टच्या सप्लायला जोडा आणि जेवणानंतर बसा. एखादा ठिपका निवडून तीन-तीन मिनिटांनी त्याची दिशा आणि अंतर कागदावर मांडा. दिशा तीच राहून अंतर कमी होत असेल तर टक्कर आहे. पाण्यावर गेलात की भर उन्हात, सगळं डोळ्यांना दिसत असताना हेच करा, म्हणजे ठिपका आणि बोट यांची ओळख होईल.

घ्यायचं की नाही हे अजून ठरत नसेल तर एवढं तरी करा. पावसाळ्यात बोट वर काढून डोलकाठी उतरवली असेल, तेव्हा तिच्या आतून एक मजबूत दोरी ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवा. पुढे खांबाऐवजी डोलकाठीच ठरली तर केबल त्याच दोरीने ओढता येईल, डोलकाठी पुन्हा उतरवायचा खर्च पडणार नाही.