दुनळी कधी उडते, कधी फसते: दोष शोधताना या चुका टाळा

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोअर दुनळी बऱ्याचदा वडिलोपार्जित असतात. वर्षातले बरेच महिने त्या कोपऱ्यात उभ्या असतात आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. घरी परत आल्यावर एक दिवस चाप ओढला की नुसता ‘टक’, आणि पुढच्या खेपेला तीच बंदूक नीट उडते. मग कुणी म्हणतं काडतूस दमट आहे, कुणी म्हणतं स्प्रिंग गेली. असे अंदाज बांधण्यात दिवस जातात आणि खरा पुरावा, म्हणजे न उडालेलं काडतूस, केव्हाच फेकून दिलेलं असतं.

घाईने बंदूक मोडणं

मोडणं म्हणजे नळ्या खाली झुकवून बंदूक उघडणं. ते घाईने करणं ही सगळ्यांत घातक चूक. ठोका बसल्यावर दारू कधी कधी उशिरा पेट घेते. म्हणून नळ्या सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा. काडतूस जुनं असेल तर पूर्ण मिनिटभर. मोडताना चेहरा मागच्या बाजूला, रेषेत आणू नका. घोड्याच्या, म्हणजे बाहेरून हातोडी दिसणाऱ्या बंदुकीत घोडा पुन्हा चढवून दुसरा ठोका द्यायचा मोह होतो. तो आवरा, कारण त्यात धोका तर आहेच, शिवाय पहिल्या ठोक्याची खूणही बिघडते.

‘टक’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, तर त्या दिवशी तिथेच थांबा. वॅड, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असलेला बोळा, नळीत अडकलेला असू शकतो आणि त्यामागून दुसरा बार काढला की नळी फाटते. बंदूक रिकामी करा, नळ्या काढा आणि आरपार उजेड दिसतो का ते पाहा. घरात वीस बोअरची काडतुसं असतील तर ही तपासणी आणखी जरुरीची. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, चाप ओढला तर फक्त ‘टक’ होतं, आणि नळी रिकामी समजून मागे बाराचं काडतूस सहज बसतं. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

टोपीवरची खूण न पाहणं

फसलेल्या काडतुसावर पेनाने ‘उजवी’ किंवा ‘डावी’ लिहा आणि टोपी, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी छोटी गोल वाटी, उजेडात धरा. शेजारी त्याच खोक्यातलं, नीट उडालेलं रिकामं काडतूस ठेवा. दोन्हींवरचा खळगा सारखाच खोल आणि मधोमध असेल, तर संशय काडतुसावर. खळगा उथळ असेल तर ठोक्यात जोर नाही. तो कडेला सरकला असेल तर टोपीवर आपटणारी पिन झिजली आहे, वाकली आहे किंवा तिचं भोक रुंदावलं आहे. खूणच नसेल, तर पिन तुटली आहे, अडकली आहे किंवा त्या बाजूची स्प्रिंग नीट ताणलीच गेली नव्हती.

आता फसलेली काडतुसं कोणत्या नळीतली आहेत ते बघा. पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. सगळी एकाच नळीतली निघाली, तर खोकं बदलून काही होणार नाही. दोष त्या बाजूच्या यंत्रात आहे.

“एका कंपनीची उडतात, दुसरीची फसतात, म्हणजे काडतूसच वाईट,” हा निष्कर्षही घाईचा. काडतुसाची कड ज्या खाचेत बसते, ती खाच जुन्या बंदुकीत गरजेपेक्षा खोल झालेली असू शकते. पातळ कडेचं काडतूस मग ठोक्यासरशी पुढे सरकतं आणि अर्धा जोर वाया जातो. उडालेल्या काडतुसाची टोपी मागे उचलून आलेली दिसली, तर हाच संशय धरा. नळ्या आणि त्यांच्या पाठीमागची, पिनेची भोकं असलेली पट्टी यांच्यात फट पडली असेल तरी असंच होतं. अशी बंदूक वापरात ठेवू नये.

तेलाचा मारा

माझ्या मते अधूनमधून फसण्यामागचं सगळ्यांत दुर्लक्षित कारण तेल आहे. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या पहाटे फसणारी बंदूक दुपारी उडते, ती यामुळे. इतर तेलंही वर्षानुवर्षं साचून चिकट होतात आणि स्प्रिंग शाबूत असूनही ठोका मंदावतो. नळ्यांतलं तेल तसंच ठेवून काडतूस भरलं तर ते टोपीत झिरपून ती मारतं. बंदूक तोंड वर करून ठेवली की नळ्यांतलं तेल यंत्रात आणि दस्त्याच्या लाकडात उतरतं. त्यात पावसाळी दमट हवा मिळाली की फुगलेलं लाकूड आतल्या भागांना घासू लागतं. म्हणून गजाने पुसून झाल्यावर बंदूक काही काळ तोंड खाली करून ठेवा. पिनेच्या भोकांभोवतीची आणि कडेच्या खाचेतली काजळी कोरड्या ब्रशने काढा. तेल लावायचं तर पातळ, आणि थेंबभर.

घरगुती दुरुस्ती

खिळा घासून पिन करणं, स्प्रिंगखाली वॉशर घालणं, रिकाम्या नळीवर चाप ओढून बघणं, हे अजिबात करू नका. चुकीची पिन टोपी भोसकते आणि तापलेला वायू डोळ्यांकडे येतो. रिकाम्या ठोक्यांनी जुनी पिन मोडू शकते. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या. परवान्यासोबत खुणा केलेली काडतुसंही दाखवा. दारू आणि छर्रे नसलेल्या, फक्त टोपी बसवलेल्या काडतुसावर तो दोन्ही बाजूंचा ठोका ताडून पाहू शकतो. त्याच भेटीत नळ्यांचा कक्ष, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, 65 मिलिमीटरचा आहे की 70 चा, तेही मोजून घ्या. काडतुसावरची लांबी उडून उघडल्यानंतरची असते, त्यामुळे 70 चं काडतूस 65 च्या कक्षात विनातक्रार बसतं आणि दाब मात्र धोक्याच्या पातळीला नेतं.