‘डाउट’ वापरताना या चुका टाळा

शहापूरला माझ्या शिकवणीत मुलं बसून दहा मिनिटं होत नाहीत, तोच कुणीतरी हात वर करतं, ‘सर, एक डाउट आहे की!’ बोलण्यात हा शब्द आता मराठीच झालाय, तो तसाच राहू दे. इंग्रजी लिहिताना मात्र तो घात करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. एका मुलाची सायकल चोरीला गेली. त्याने अर्जात लिहिलं, ‘आय डाउट ही टुक माय सायकल.’ त्याला म्हणायचं होतं, यानेच नेली असा माझा संशय आहे. अर्थ निघाला, याने नेली असेल असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे बोट दाखवायचं, तोच सुटला! एखाद्याने काही केलं असावं असं वाटत असेल तर ‘सस्पेक्ट’ लिहा. केलं नसावं असं वाटत असेल तरच ‘डाउट’.

बेळगाव भागात हा गुंता आणखी वाढतो, कारण आपल्या कानावर दोन्ही भाषा असतात. मराठीत शंका म्हणजे विचारायचा प्रश्नही आणि अविश्वासही. शेजारी कानडीत ‘ननग अनुमान ऐति’ म्हणतात, तेव्हा त्यांना संशय आलेला असतो. आपलं अनुमान म्हणजे तर्काने बांधलेला अंदाज. दोघांनी शब्द संस्कृतातूनच घेतला, पण अर्थाची वाट वेगळी झाली. म्हणून शब्दाला शब्द लावू नका. मनात नेमकं काय आहे, ते आधी ठरवा.

वर्गात काही कळलं नसेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे चालतं, पण परदेशी शिक्षकाला वाटेल, याला माझं म्हणणं पटलेलं नाही.

स्पेलिंगमधला ‘बी’ उच्चारू नका, पण लिहायला विसरू नका. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिन ‘दुबितारे’शी असलेलं नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला, लोकांच्या तोंडी काही तो बसला नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधल्या बीचीही हीच गोष्ट. पासबुकातल्या ‘डेबिट’मध्ये तो ऐकू येतो, तो आठवला की स्पेलिंग चुकत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते या शब्दाचं मूळ. दुबितारेच्या पोटात ‘दोन’ दडलेत. लॅटिन ‘दुओ’ आणि संस्कृत ‘द्वि’ एकाच कुळातले. मन दोन वाटांवर अडलं की डाउट. आपणही त्याला द्विधा म्हणतो. फळ्यावर हे दोन शब्द मी नेहमी शेजारी शेजारी लिहितो.