स्वस्त रेट्रो हँडहेल्ड घेताना आधी स्क्रीनचं गणित करा

रेट्रो हँडहेल्ड म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातात मावणारं यंत्र. त्यातले मियू मिनी प्लस आणि अँबर्निक आरजी३५एक्सएक्स एच, दोन्हींची स्क्रीन साडेतीन इंची, ६४०×४८० पिक्सेल. निन्टेंडोच्या जुन्या गेम बॉय या गेमयंत्राचं चित्र १६०×१४४. ते बरोबर तिप्पट होतं, म्हणून रेखीव दिसतं. गेम बॉय ॲडव्हान्सचं मात्र २४०×१६०. दुप्पट केलं तर चारही बाजूंना काळी पट्टी, रुंदी भरली तर २.६७ पट, मग काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि स्क्रोल करताना चित्र थरथरतं. मुख्यतः ॲडव्हान्सच खेळायचं असेल तर १०२४×७६८ स्क्रीनचा ट्रिमयूआय ब्रिक पाहा, तिथे चौपट नीट बसते.

मियूत रॅम फक्त १२८ एमबी, जॉयस्टिक नाही. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे गेम झकास, पुढे नाद सोडा. अँबर्निकच्या ‘एच’मध्ये १ जीबी रॅम आणि दोन जॉयस्टिक, निन्टेंडो ६४ या जुन्या कन्सोलचे बरेच गेम चालतात, सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डचे हलकेफुलकेच.

सोबत आलेल्या बिननावाच्या मेमरी कार्डावर भरवसा नको. ते लवकर दगावतं आणि सेव्ह केलेलं सगळं घेऊन जातं. पहिल्याच दिवशी नामांकित कंपनीच्या कार्डावर सगळं हलवा. मियूसाठी कार्ड फॅट३२ या फाइल-पद्धतीतच फॉरमॅट करा. चार्जिंगला फास्ट चार्जर टाळा, साधा ५ व्होल्टचा पुरे.