पहिल्याच दिवशी यूएएन अडला: चेहरा पडताळणीत एरर ३३० (माझा अनुभव)

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात रुजू झालो. पहिलीच नोकरी, म्हणून ऑफिसातल्या ताईंनी पीएफसाठी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा १२ अंकी क्रमांक, मागितला. तो हल्ली उमंग या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून स्वतःच काढायचा असतो. माझा फोटो निघायचा, हिरवं वर्तुळ पूर्ण व्हायचं आणि लगेच ३३० क्रमांकाची एरर.

पत्र्याच्या शेडमधला अंधार, पावसातलं मरतुकडं नेटवर्क, अशी शंका घेत उजेडात गेलो, ॲप पुन्हा टाकलं, फोनही बदलला. रडकुंडीला आलो होतो.

३३० म्हणजे आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे, चेहरा) लॉक आहेत. उजेडाचा काही संबंध नाही. फसवणूक टाळायला घरी सगळ्यांचंच लॉक करून ठेवलंय, आणि ते ठेवावंच.

आधी उमंग आणि आधारफेसआरडी ही दोन्ही ॲप फोनमध्ये घ्या. दुसऱ्याशिवाय कॅमेरा उघडत नाही. मग मायआधार संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स'मध्ये तात्पुरतं अनलॉक निवडा. ते १० मिनिटंच टिकतं, म्हणून रेंज असेल तिथेच हे करा. लगेच उमंगमध्ये ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था), त्यात चेहरा पडताळणीच्या यूएएन सेवा, मग यूएएन ॲलॉटमेंट. आधार क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, संमतीची खूण, ओटीपी, शेवटी चेहरा. टोपी-मास्क काढा, पापण्या मिटा-उघडा.

यूएएन एसएमएसने येतो. लॉक आपोआप परत लागतं.