बाहेर उघडणारं दार: कुलूप भारी, बिजागरी उघडी! या चुका टाळा

दारांचं काम करतो म्हणून लोक घर दाखवायला बोलावतात, तेव्हा पहिल्यांदा कुलूप दाखवतात. किती लिव्हरचं, किती किल्ल्या, कितीला पडलं. मी दार लावून घ्यायला सांगतो, बाहेर जाऊन उभा राहतो आणि कुलपाच्या विरुद्ध बाजूला बघतो. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची नळी आणि तिच्यातली पिन माझ्या डोळ्यांसमोर असते. चोराच्याही.

आपल्याकडे अशी दारं बरीच असतात. फ्लॅटचं सेफ्टी डोअर, गच्चीचं दार, परसात उघडणारं मागचं दार. गच्चीचं दार बाहेर उघडणारंच बरं असतं, कारण पावसाचा मारा त्याला चौकटीच्या खाचेत दाबत राहतो आणि पाणी आत कमी येतं. लाथेलाही ते सहज दाद देत नाही, कारण धक्का एकट्या कुलपावर न येता सगळ्या चौकटीवर वाटला जातो. त्यामुळे ते ढकलून फोडण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ते बाहेर ओढून काढलं जातं. पुढच्या बऱ्याच चुका या ओढण्याशी जोडलेल्या आहेत.

बिजागरीची पिन मोकळी सोडणे

ही सगळ्यात मोठी चूक. एका रो-हाउसच्या गच्चीचं दार मला दाखवलं होतं. घरची मंडळी गणपतीला गावी गेली होती. परत आली तेव्हा कुलूप जसंच्या तसं बंद, किल्लीसुद्धा नीट फिरत होती. तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना मात्र गच्चीच्या फरशीवर पडलेल्या होत्या, तेलाचा हात अजून त्यांच्यावर होता. खालून जाड खिळा टेकवायचा आणि हातोडीने वर ठोकायचा, एवढ्यात पिन निघते. मग बिजागरीच्या बाजूने दार उचकटलं की कुलूप लागलेलं असूनही काही अडत नाही.

उपाय महागडा नाही. नवीन दार करत असाल तर दोन्ही टोकांना ठोकून बंद केलेल्या, पिन न निघणाऱ्या बिजागऱ्याच मागा. लोखंडी दाराला पिनेच्या वर-खाली वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या. लाकडी दाराला जागेवर वेल्डिंग करायला जाऊ नका, लाकूड जळतं. तिथे पुढची युक्ती वापरा, कोणताही सुतार अर्ध्या तासात करून देईल.

दार उघडा. बिजागरीची एक पट्टी चौकटीवर दिसेल, दुसरी दाराच्या कडेवर. दोन्हींवरचा समोरासमोर येणारा एकेक स्क्रू काढा. चौकटीकडच्या भोकात जाड तीन इंची स्क्रू पिळा, पण साधारण 12 मिलीमीटर बाहेर राहू द्या. त्याचं डोकं हॅक्सॉने कापा आणि टोक कानशीने गोल करा. आता दाराकडचं भोक थोडं सैल आणि 15 मिलीमीटर खोल करा, पट्टीतलं भोकही तेवढंच मोठं करा. दार हळू लावा. खुंटी भोकाच्या कडेला घासत असेल तर भोक जरासं लांबट करा. दार बंद झालं की ही खुंटी दारात शिरलेली असते. मग पिना काढल्या तरी ती बाजू बाहेर ओढता येत नाही. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बिजागऱ्यांना हे करा.

जाळीच्या लोखंडी दारांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना बऱ्याचदा बुशची बिजागरी असते: खालच्या तुकड्यात उभी पिन आणि वरचा तुकडा तिच्यावर नुसता टेकवलेला. वर जागा मोकळी असेल तर खाली पहार घालून दार उचलून काढता येतं. फॅब्रिकेटरला सांगा, दोनपैकी एक बिजागरी उलटी वेल्ड कर. एकीची पिन वर आणि दुसरीची खाली तोंड करून असली की दार उचलायला वाव राहत नाही. दार आधीच बसलेलं असेल तर वरच्या बाजूला दार उचलू न देणारा एक लोखंडी तुकडा वेल्ड करून घ्या.

पावसाळ्यात रंधा मारून घेणे

जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी दार फुगतं आणि लागेनासं होतं. आपण सुताराला बोलावतो, तो कडेला रंधा मारतो, दार लोण्यासारखं लागतं. तेच दार एप्रिलमध्ये बघा. कुलपाच्या बाजूला बोट शिरेल एवढी फट पडलेली असते. आत उघडणाऱ्या दाराची फट चौकटीच्या खाचेआड झाकलेली असते. बाहेर उघडणाऱ्या दाराची फट मात्र बाहेरूनच दिसते, आणि तिच्यातून कुलपाची जीभही दिसते. कटावणीला यापेक्षा सोयीची जागा नाही.

रंधा मारायचाच असेल तर ऊन पडून दार सुकेपर्यंत थांबा, मग हवा तेवढाच मारा. शक्यतो बिजागरीची खाच खोल करून जुळवता येतं का ते आधी बघा. फट पडलीच असेल तर बाहेरून तिच्यावर लोखंडी पट्टी बसवा. पट्टी दाराला धरलेली हवी आणि चौकटीवर इंचभर चढलेली हवी. ती आरपार बोल्टने लावा: बाहेर गोल, पाना न बसणारं डोकं आणि आत नट. बाहेरून दिसणाऱ्या स्क्रूने लावलेली पट्टी स्क्रू ड्रायव्हरने निघते, तिच्यावर पैसे घालवू नका.

नुसत्या खटक्यावर भरवसा

दार ओढून घेतलं, खट् आवाज आला, आणि आपण निघालो. आपोआप लागणारी ही तिरकी जीभ स्प्रिंगवर असते. बाहेर उघडणाऱ्या दारात तिचा उतार आतल्या बाजूला असतो, म्हणून फटीतून वाकडी तार घालून तिला मागून ओढता येतं. चौकोनी, बाहेरून किल्लीनेच सरकणारा बोल्ट हवा, आणि तो चौकटीत किमान एक इंच शिरायला हवा. पुष्कळ कुलपांत किल्लीच्या दोन फेऱ्या असतात आणि दुसऱ्या फेरीला बोल्ट पुरता बाहेर येतो. घाईत एकच फेरी मारणारी माणसं मी रोज बघतो. कुलूप विकत घेतलंय, तर ते पूर्ण लावा.

कडी-कोयंडा आणि बाहेरचं टाळं

‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द घरफोडीच्या बातमीत नेहमी वाचायला मिळतात. अल्ड्रॉप, म्हणजे टाळं लावायची सरकती लोखंडी कडी, कितीही जाड असला तरी कोयंडा पाऊण इंची स्क्रूवर असेल तर खरी ताकद त्या स्क्रूचीच. इथेही आरपार बोल्ट लावा आणि आत निघणारं टोक नटावर ठोकून पसरवा. शिवाय बाहेर लोंबणारं टाळं घरात कोणी नाही हे जिन्यातल्या प्रत्येकाला सांगतं. दारातच बसणारं कुलूप असेल तर तेच वापरा.

सेफ्टी डोअरला बाहेरून कडी असेल तर ती काढून टाका. चोरी करताना शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालणं ही जुनी पद्धत आहे, आरडाओरडा झाला तरी कोणी मदतीला बाहेर येऊ शकत नाही.

हात जाईल अशी जाळी

जाळीतून बाहेरच्याचा हात आतल्या कडीपर्यंत पोहोचतो का, हे स्वतः बाहेर उभं राहून करून बघा. हातात वाकडी तार धरूनही बघा. पोहोचत असेल तर कुलपाभोवती फूटभर भागाला आतून बारीक भोकांचा पत्रा लावा.

घाबरून स्वतःलाच कोंडणे

हे मला मनापासून सांगायचं आहे. घरफोडी झाली की लोक गच्चीचं दार कायमचं बंद करायला सांगतात, आतूनही किल्ली लागेल असं कुलूप मागतात. राष्ट्रीय इमारत संहितेत, आगीतून सुटकेची वाट असलेली दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत असं सांगितलंय, ते माणसांना धुरातून पटकन निघता यावं म्हणून. त्याच दाराची किल्ली कपाटात असेल तर उपयोग काय? आतून मूठ फिरवून उघडणारं कुलूप घ्या आणि जाळीतून त्या मुठीपर्यंत हात पोहोचत नाही याची खात्री करा. किल्लीचंच कुलूप असेल तर एक किल्ली दाराजवळच, पण बाहेरच्याच्या हाताला लागणार नाही अशा खिळ्यावर टांगा, आणि घरातल्या आजींना दिवे घालवून ती एकदा काढायला लावा.