खाऱ्या वाऱ्याच्या धास्तीने गाडीवर वॅक्स थापताय? या चुका टाळा

पाऊस सरला की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत गाड्या खळ्यात येतात, धुतल्या जातात आणि वॅक्सची डबी उघडते. समुद्र जवळ, वारा खारा, पत्र्याची काळजी प्रत्येकालाच. या काळजीपोटीच हात सैल सुटतो. दोन बोटे भरून वॅक्स बॉनेटवर फासले जाते, वाळले की आणखी एक हात फिरतो. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहावे तर पट्टेच पट्टे, हात लावावा तर चिकट, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची लाल धूळ त्यावर बसलेली.

वॅक्सचे संरक्षण जाडीवर अवलंबून नसते. रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्याला धरून राहिलेला पातळ थरच काम करतो. त्यावर उरलेले सगळे पुसून काढायचेच असते. ते ठेवले म्हणून मीठ अडत नाही. उलट मिठाचे कण आणि जांभ्याची धूळ त्या चिकट थरात रुततात, आणि पुढच्या वेळी कोरडा फडका फिरवला की रंगावर बारीक ओरखडे उठतात.

हे का होते ते कळले की उपाय आपोआप कळतो. अनेक चांगल्या वॅक्समध्ये कारनौबा असते. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून ते काढतात. ते मुळात इतके टणक असते की वितळायला साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअस तापमान लागते. डबीत ते मऊ असते ते त्यात मिसळलेल्या द्रावकांमुळे आणि तेलांमुळे. गाडीवर लावल्यावर द्रावक उडून जाते आणि वॅक्स मागे राहते. थर जाड असेल तर वरची साय वाळते, आत ओलसर राहते. म्हणून पुसताना ते निघण्याऐवजी पसरते. याउलट तापलेल्या पत्र्यावर द्रावक झटक्यात उडते आणि टणक पापुद्रा उरतो.

बॉनेटवर पट्टे किंवा घट्ट बसलेले वॅक्स

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर लावून घासणे. गाडी सावलीत आणा, पत्रा हाताला गार लागू द्या. आधी शाम्पूने धुऊन धूळ आणि मीठ काढा, कारण न धुतलेल्या गाडीवर पुढचे काहीही केले तरी ओरखडेच मिळतील. मग त्याच डबीतले अगदी थोडे वॅक्स ओलसर स्पंजवर घ्या, एका वेळी हातभर जागेवर फिरवा आणि ते वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा. नव्या वॅक्समधले द्रावक जुना थर मऊ करते आणि दोन्ही एकदम निघतात. जास्त वॅक्सवर आणखी वॅक्स, हे ऐकायला उफराटे वाटते, पण हाताने करण्यासारखा याहून सोपा आणि सुरक्षित उपाय नाही. कापडाची घडी सारखी बदलत राहा. वॅक्सने माखलेले कापड फक्त जागा बदलून तेच परत लावते.

दमट हवेत एक वेगळी अडचण येते. हिवाळ्यात सकाळी गाडीवर दव असते. वरून कोरडा दिसणारा पत्रा पुसला तरी पुन्हा ओलसर होतो, आणि त्यावर लावलेले वॅक्स ढगाळ दिसते. हा थर बहुतेक वेळा जास्त वॅक्सचा नसून अडकलेल्या ओलाव्याचा असतो. ऊन थोडे वर येऊ द्या, मग सावलीत कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. खुद्द वॅक्स लावायलाही सकाळी दव उडाल्यानंतरची किंवा पत्रा निवल्यावर संध्याकाळची वेळ निवडा. पाण्याचा अंश असलेले पातळ, बाटलीतले वॅक्स आपल्याकडे वाळायला जास्त वेळ घेते. बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा बोटावर भरवसा ठेवा: कोपऱ्यात बोट ओढा, खाली स्वच्छ चकचकीत रेघ दिसली तर पुसा, बोटाखाली तेलकट फराटा उठला तर थांबा.

काळ्या प्लॅस्टिकवरचे पांढरे डाग

बंपरच्या कडा, आरशांचे तळ, दारांवरच्या पट्ट्या हे खडबडीत, रंग न दिलेले प्लॅस्टिक वॅक्स धरून ठेवते, आणि वाळले की पांढरट डाग उमटतात. गाडी जुनी झाली असे वाटते, पण वॅक्स नुसते खाचांत अडकलेले असते. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घाला आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन छोट्या गोलांत घासा, लगेच धुवा. अजून राहिले तर शाळेतला पांढरा खोडरबर फिरवून बघा. कोरड्या डागांवर तो चांगला चालतो. त्यावरही हटले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान करून कापडाला लावा, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तपासा. हे मिश्रण ज्वलनशील आहे, चुलीपासून आणि विडी-सिगारेटपासून लांब वापरा. नावाच्या अक्षरांमध्ये, दारांच्या फटींत अडकलेले वॅक्सही त्याच ब्रशने निघते. पुढच्या वेळी वॅक्स लावण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या कडांना मास्किंग टेप लावली की हा सगळा खटाटोप वाचतो.

रॉकेल, डिझेल आणि थिनर यांना मात्र हात लावू नका. रॉकेलने वॅक्स निघते आणि गाडी तासभर चमकते, म्हणून हा सल्ला गावोगावी ऐकू येतो. पण ते तेलकट थर मागे ठेवते, दारांच्या रबराला बाधते आणि धूळ आणखी धरते. थिनर तर डेंटिंग-पेंटिंग केलेल्या भागाचा रंगच सोडवू शकते. सुरी, पत्ती किंवा घासणी हीदेखील रंगावर चालत नाही.

काचेवर गेलेले वॅक्स

हे दुर्लक्षित राहते आणि पावसाळ्यात अंगाशी येते. वॅक्स लागलेल्या काचेवर वायपर थरथरतो, आवाज करतो, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की सगळी काच धुरकट होते. कशेडीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर असे होणे धोक्याचे आहे. काच अल्कोहोलच्या त्याच मिश्रणाने पुसा, आणि वायपरचे रबरही स्वच्छ कापडाने त्याच मिश्रणात पुसा. नुसती काच साफ केली तर पुढच्या सरीत वायपर वॅक्स पुन्हा पसरवतो.

आणखी दोन गोष्टी. गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर रंग पूर्ण वाळेपर्यंत वॅक्स लावू नका. किती थांबायचे ते पेंटरला विचारा. आणि ज्या बाटलीवर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'रबिंग' लिहिलेले असते त्यात घासणारे कण असतात. ते दर महिन्याला लावले तर चमक येते, पण दर वेळी क्लिअर कोट थोडा थोडा झिजतो. झिजलेला हा कोट परत भरून येत नाही.

वर्षातून मेच्या अखेरीस आणि पाऊस संपल्यावर, असे दोनदा पातळ हात पुरतात. दुसरा हात द्यायचाच असेल तर पहिला नीट पुसून, काही तास जाऊ देऊन द्या. त्यापलीकडे थर वाढत नाही, कारण नवे द्रावक जुना थर पुन्हा सोडवते.

मिठाची भीती खरी आहे, पण ती वरच्या रंगापेक्षा खालच्या पत्र्याला जास्त आहे. गंज आधी लागतो तो चाकांच्या कमानीत, दारांच्या खालच्या कडांना, बुडाच्या जोडांना, जिथे वॅक्सचा हात पोहोचतच नाही. पुळणीवर गाडी नेली, किंवा किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून लाटांच्या तुषारांतून आलात, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. दारांच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी ठेवा. जिथे रंग उडून उघडा पत्रा दिसतो तिथे आधी गंज काढून प्रायमर आणि टचअप रंग लावा. त्या जागी वॅक्स लावून गंज थांबत नाही.